दोन बगळ्यांची जागा

"जाताना तू सोड. येताना मी एकलीच येन."

आईनं हे सांगितलं तेव्हा ती सुपात नागली घेऊन खडे निवडत होती. तिनं मान वर केली नाही, म्हणजे विषय संपला होता. माझा मात्र तिथून सुरू झाला.

माझी धाकटी बहीण रायपूरला असते. तिचा नवरा तिथल्या एका कारखान्यात पाळीनं काम करतो. तिला नववा लागला होता, पहिलंच बाळंतपण, आणि डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उतरू नको म्हणून दम दिलेला. सासू नाही, नणंद नाही. फोनवर ती एवढंच म्हणायची, "आईला पाठव." मी जव्हारजवळच्या एका शाळेत शिक्षिका. आम्ही दोघंच शिक्षक आणि वर्ग चार, त्यामुळे मला आईला पोचवून परत येण्यापुरतीच रजा मिळत होती. भाऊ भिवंडीला गोदामात आहे, तिथं खाडा केला की दुसऱ्या दिवशी दुसराच माणूस उभा असतो. बाबा शेळ्या सोडून कुठं जाणार नव्हते. थोडक्यात, आईला रायपूरहून एकटीनं परत येता आलं तरच तिला जाता येणार होतं. नाहीतर धाकटीजवळ कोणीच नसणार होतं.

आणि आईला लिहिता-वाचता येत नाही. आमच्या गावाहून मोखाड्याला जीपनं जायचं आणि जीपनं यायचं, एवढाच तिचा हल्लीचा प्रवास. रेल्वेत ती कधी चढली नव्हती. मी स्वतः अशा लांबच्या गाडीनं एकदाच गेले होते, तेही डी.एड.च्या सहलीला, पन्नास मुलींच्या घोळक्यात. पण शिक्षकाला माहीत नसलेलं शिकवायची सवय असते. मी मोबाइलवर स्लीपरच्या डब्याचे व्हिडिओ पाहिले, कागदावर डबा काढला आणि आईला समोर बसवलं.

"आधार कार्ड खरं जवळ ठेवायचं, झेरॉक्स चालत नाही. डबा आपला आपण शोधायचा. मधली फळी रात्रीच उघडतात, दिवसा सगळे खाली बसतात. पिशवी डोक्याशी घ्यायची. कोणी काही खायला दिलं तर खायचं नाही."

"का? इख घालतात?"

"घालतात कधीकधी."

"आन आपून दिलं तर?"

याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं. मी आकडे शिकवायला घेतले, गाडीवर असतात ते इंग्रजी. तिची जाण्याची जागा बावीस नंबरची होती. मी दोनावर दोन काढून दाखवले. चार दिवस गिरवूनही तिच्या हाताला दोन येईना आणि मी वर्गातल्यासारखी चिडले. पहिलीच्या पोरांवर मी एवढी चिडत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पाचव्या दिवशी तिनं माझ्या हातातून कागद घेतला, लांब धरला आणि म्हणाली, "हे तं दोन बगळे हाईत. बांधावर बसले ना, तसे." मी पाहिलं. मान वाकवलेले, पाय पोटाखाली घेतलेले दोन बगळेच होते ते. एक म्हणजे काठी, चार म्हणजे खुर्ची, नऊ म्हणजे पळी, आठाला ती पाटा-वरवंटा म्हणाली, आणि डब्यावरचा एस म्हणजे साप. संध्याकाळपर्यंत तिचे सगळे आकडे पाठ झाले होते. माझी पंधरा वर्षांची नोकरी मला जरा हलकी वाटली.

नाशिक रोडला गाडी दुपारी आली. गर्दीत मी आईचा दंड घट्ट धरून ठेवला होता. डब्यात चढलो, मी बॅग ओढत पुढे गेले आणि मागे वळून पाहते तर आई नाही. ती दाराशीच, संडासाच्या भिंतीला टेकून, गाठोडं मांडीवर घेऊन खाली बसली होती. एक माणूस तिच्यावरून पाय टाकून जाताना म्हणाला, "ए मावशी, ये रिझर्वेशन है, जनरल में जाओ." आई लगेच उठायला लागली.

माझं डोकंच फिरलं. "उनका रिझर्वेशन है," मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की चहावाला थांबला. पण खरं सांगायचं तर राग त्या माणसाचा कमी आणि आईच्या उठण्याचा जास्त आला होता. किती सवयीनं उठत होती ती! मी लहान असताना आम्ही दर वर्षी वीटभट्टीवर जायचो. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि त्यावर माणसं. चढताना मुकादम प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारून मोजायचा. आई आयुष्यभर तशीच गेली होती, सामानाबरोबर, जागा मिळेल तिथं. कोणी उठ म्हटलं की उठत, सरक म्हटलं की सरकत.

"इथं का बसलीस?"

"दाराशी बरं असतं. उतराया सोपं."

तिला आमच्या जागेवर आणलं. मला वीस नंबर, खालचा, आणि तिला बावीस, सगळ्यात वरचा. अदलाबदल करायची असं मी मनात ठरवलंच होतं. साठी उलटलेल्या बाईला कोण वर चढवणार? तिनं आधी नंबराच्या पाट्या निरखल्या. बगळे सापडल्यावर तिनं तिकीट मागितलं.

"यात माझं नाव कुठंय?"

मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"आन ह्या नावाफुडं बगळेच हाईत?"

"हो. पण तू खाली झोप, मी वर जाते."

"नाव माझं तं जागा माझी," आई म्हणाली.

तरी संध्याकाळपर्यंत ती खालीच बसली, आणि तिथं जीपची सवय आडवी आली. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हर कधीच मानत नाही. कोणी आलं की सगळ्यांनी सरकायचं. जो कोणी डब्यातून जाताना जरा रेंगाळे त्याच्याकडे पाहून आई सरकत होती, वर "बस ना" म्हणत होती. तासाभरात माझ्या बर्थवर सहाजण बसले. त्यातले चौघं कुठले होते देव जाणे. आई एका टोकाला, अर्धी अधांतरी. मी डोळे वटारले तर म्हणते, "एवढी मोठी गाडी, आपून एवढ्याशा."

भुसावळला गाडी बराच वेळ थांबते. मी डबा उघडून भाकरी काढत होते, तेवढ्यात आई बाटली घेऊन खाली उतरली. खिडकीतून दिसली. नळावर आधी तिनं सावकाश तोंड धुतलं, मग पाय धुतले, मग बाटली विसळली. गाडीनं भोंगा दिला. मी खिडकीच्या गजांतून किंचाळले. तिनं हात वर केला, म्हणजे आले, आणि बाटली भरत राहिली. गाडी हलली तेव्हा कुठं ती निघाली, तीही चालत. दारातल्या दोघांनी तिला दंडाला धरून अक्षरशः आत ओढलं.

"तुला कळतं का काही? गेली असती ना गाडी!"

"मी सांगलं व्हतं ड्रायव्हरला. पाणी भरून येते, थांब जरा."

"कोणत्या ड्रायव्हरला?"

तिनं बोट दाखवलं. दारात किटली घेऊन चहावाला उभा होता. खाकी सदरा होता बिचाऱ्याचा. सगळा डबा हसला. मला हसू आलं नाही. मी तिला सगळ्यांदेखत नको तेवढं बोलले. तुला एकटीला पाठवणं म्हणजे वेडेपणा आहे, मी धाकटीला कळवते, तू नागपूरपर्यंतसुद्धा नीट पोचायची नाहीस, असं बरंच. ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजे ड्रायव्हर आपल्याला वळखत नाय?"

"नाही."

"आन कोन राहिलं, कोन आलं, ते कोन मोजतं?"

"कोणीच मोजत नाही, आई."

"कोणीच नाय?"

"नाही."

मला वाटलं घाबरली. मग तिनं नऊवारीचा ओचा नीट खोचला, लोखंडी पायऱ्यांवर पाय ठेवला आणि कोणाचाही हात न घेता वर चढून गेली. मी खालून पाहतच राहिले. विसरलेच होते की पीक तयार झालं की रानडुकरांना हाकायला ती शेतातल्या माळ्यावर झोपते. चार बांबूंवर बांधलेला तो माळा या बर्थपेक्षा दुप्पट उंच असतो. वरून तिचा आवाज आला, "बेस हाय. हितून सगळं दिसतं." तिकीट तपासनीस आले तेव्हा तिनं तिकडूनच आधार कार्ड खाली धरलं, आणि ते काही विचारायच्या आत म्हणाली, "दोन बगळे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बावीस म्हणाले.

रायपूरला धाकटीच्या हातात आईचा हात देऊन मी त्याच दिवशी परत निघाले. आठवड्यानं फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी शाळेतच रडले. आई पुढे दीड महिना राहिली. परतीचं तिकीट जावयानं काढलं. तिकडून आईनंच फोनवर सांगितलं, "साप आन खुर्ची. आन जागा काठी-पळी. वरचीच घ्याया लावली." म्हणजे एस-चार, एकोणीस. मी म्हटलं, सोबतीला कोणी मिळतं का पाहू. ती म्हणाली, "तू नाशकाला ये. बास."

त्या सकाळी गाडीच्या दीड तास आधीच मी नाशिक रोडला होते. एस-चार कुठं लागतो ते तीन हमालांना विचारून झालं होतं. गाडी आली, डबा बरोबर माझ्यासमोर थांबला आणि दारात आई नव्हती. माणसं उतरत होती, आई नाही. मनमाडपासून दारात उभी राहा म्हणून मी बजावलं होतं. थांबा होताच किती! मी उतरणाऱ्यांना ढकलत आत घुसले. एकोणीसची जागा रिकामी, खाली कोणी वर्तमानपत्र वाचत होतं. "यहाँ एक बूढ़ी औरत थी?" त्यानं खांदे उडवले. मी संडासाची दारं ठोठावली, पुढच्या डब्यापर्यंत जाऊन आले. झोपेत राहिली, भुसावळलाच उतरली, कोणीतरी काहीतरी खायला दिलं, नको नको ते मनात येत होतं. दोष सगळा माझा होता. माझ्या बहिणीला आई मिळावी म्हणून मी माझी आई हरवली होती.

तेवढ्यात खिडकीवर थापा पडल्या.

"अगं उतर! आत काय करतीस?"

आई फलाटावर उभी होती. डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी. ती मागच्या दारानं सगळ्यांच्या आधी उतरली होती. गाडीला हिसका बसला. मी दाराकडे धावले, आणि आईनं गाठोडं खाली टाकून, भुसावळच्या त्या दोघांनी तिला ओढलं होतं तसंच, माझा दंड धरून मला खाली ओढलं.

"गाडी गेली आसती ना तुला घेऊन," ती म्हणाली. "हितं कोणी मोजत नाय. आपुनच आपल्याला मोजायचं. एवढी मास्तरीन तू."

मी तिथंच, बाकावर बसून, हसले आणि रडले. तिनं मला घोटभर पाणी दिलं. ती बाटली तिनं गाडीतून उतरून कुठंही भरली नव्हती, रायपूरहूनच भरून आणली होती, हेही सांगितलं.

एसटीनं मोखाडा गाठलं. तिथून गावची जीप. आई मधल्या सीटवर खिडकीशी बसली, शेजारी मी. जीप भरली, तरी दोन बाया टोपल्या घेऊन आल्या. ड्रायव्हर नेहमीसारखा मागे वळून म्हणाला, "आजी, सरका जरा. अजून एक बसंल."

आई म्हणाली, "माझा नंबर कितवा?"

"कसला नंबर?"

"जागंचा."

"जीपला कुठं नंबर आसतो, आजी?"

"मंग मी बसलीय ती माझी," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. परतीचं तिकीट तिच्या हातात होतं. नाव होतं तिथं तिचा अंगठा होता.

जीपमधले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी सरकले.