रिफंडवाल्या बाईंना दिलेला दम

आधी चहा संपवा. कारण पुढचं ऐकताना तुम्ही हसणार, आणि चहा नाकात गेला तर मला बोल लावू नका!

मी पापडी गावचा. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, आता निवृत्त. निवृत्त मास्तरला दोन रोग असतात. एक म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटणं, आणि दुसरा म्हणजे ते दुसऱ्याला शिकवल्याशिवाय चैन न पडणं. मला दोन्ही आहेत. औषध कशावरच नाही.

तर झालं काय, माझ्या ठेवींच्या व्याजावर बँकेने जरा जास्तच टीडीएस कापला. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. रिटर्न भरलं की जादाचे पैसे परत मिळतात. माझा जुना विद्यार्थी नेल्सन सीए आहे, माणिकपूरला त्याचं ऑफिस. ब्रिजित, म्हणजे माझी बायको, सरळ म्हणाली, "नेल्सनकडे देऊन या ना कागद."

"नेल्सनकडे? ज्याला मी अपूर्णांक शिकवले त्याला मी फी देऊ?"

"त्याला अपूर्णांक आले तरी," ब्रिजित म्हणाली आणि आत गेली. या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

भरलं मग मीच! पडद्यावर हिरवी खूण आली. मी त्या खुणेचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दहावीच्या निकालाला एवढे अंगठे आले नव्हते.

मग सुरू झालं वाट बघणं. रिफंड येईना. आजूबाजूच्या सगळ्यांचे येऊ लागले. अहो, रविवारी चर्चमध्ये मिस्सेत एकमेकांना शांती देतात ना, हात हातात घेऊन? तर बाजूच्या बाकावरच्या गृहस्थांनी माझा हात धरला आणि कानाशी येऊन हळूच विचारलं, "माझा आला. तुझा?"

कसली शांती मिळणार आता!

घरी येऊन मी रिटर्न उघडलं. गणिताचा मास्तर मी, उत्तर जुळलं नाही तर पहिल्या ओळीपासून तपासायची सवय. आणि सापडली की चूक! बचत खात्याचं किरकोळ व्याज दाखवायचं राहिलं होतं. लगेच सुधारित रिटर्न भरलं. आठवड्याने वाटलं, एक आकडा चुकीच्या रकान्यात गेला. पुन्हा सुधारित! खोडायचं, लिहायचं, खोडायचं, लिहायचं. आयकर खात्याचा संगणक हा माझ्या डोळ्यांपुढे नुसता फळा झाला होता.

बेकरीत पाव घेताना नेल्सन भेटला. "सर, तुम्ही दर वेळी रिवाइज्ड भरता ना, तेव्हा आधीचं बाजूला पडतं. गाडी परत पहिल्यापासून सुरू होते. एकदा माझ्याकडे येऊन जा ना."

"नेल्सन, अजून पाढे पाठ आहेत का?" मी विचारलं. तो बिचारा पाव घेऊन गेला.

शेवटी मी खात्याकडे ऑनलाइन तक्रार केली. काय लिहिली होती म्हणून सांगू! प्रामाणिक करदाता, त्याचा घाम, त्याची म्हातारी बायको. ("म्हातारी कोण?" ब्रिजितने मागून वाचून विचारलं. तो शब्द काढला.) चौकटीत ठरावीकच अक्षरं बसतात, म्हणून 'हा देश कुठे चालला आहे' हा परिच्छेद मोठ्या जड मनाने गाळला.

आता इथून पुढे नीट ऐका.

त्याच सुमारास फादरांनी मला बोलावलं. म्हणाले, फोनवरून फसवणुकीचे प्रकार फार वाढलेत, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांना तुम्ही चार शब्द सांगा. चार शब्द? मला? मी चाळीस पानी टिपण काढलं! दिवसरात्र फसवणुकीचाच अभ्यास. पोस्टमन आला तरी मी त्याचं ओळखपत्र बघायचो.

आणि अशात मोबाइलवर मेसेज आला. "आपला परतावा जमा होऊ शकला नाही. कृपया बँक खाते पडताळून घ्या."

मी मोठ्याने हसलो. म्हणे खाते पडताळा! मेसेज उडवला. पुन्हा आला. पुन्हा उडवला. तिसऱ्यांदा ईमेल आली, तिला कचऱ्यात टाकून वर पाठवणाऱ्यालाच ब्लॉक केलं. ब्रिजितला म्हटलं, "बघ, चोरांना माझ्या रिफंडचंसुद्धा माहीत आहे. केवढं जाळं पसरलंय!"

मग एका दुपारी फोन.

"सर, मैं बेंगलुरू से बोल रही हूँ, इन्कम टॅक्स. आपने शिकायत डाली थी?"

मी खुर्चीत ताठ बसलो. शिकार चालत आली होती! पटकन कॉल रेकॉर्डला लावला.

"डाली थी. तुमको किसने बताया?"

"सर... आपने ही तो बताया. शिकायत में."

"वा वा! तयारी करके आया है!"

"सर, आपका रिफंड भेजा था, वापस आ गया. आपके बँक का कोड बदल गया है. पोर्टल पे जाके खाता अपडेट कीजिए, बस."

"और ओटीपी तुमको देने का, बरोबर?"

"नहीं नहीं सर! ओटीपी किसी को मत दीजिए. मुझे भी नहीं."

आता मला सांगा, यावर काय बोलणार? चोर मला चोरापासून सावध करतोय! माझा तोल गेला. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता माझा. तो सगळा लावला. "बाई, शरम नाही वाटत? म्हाताऱ्या माणसांना लुटता? चांगल्या घरची दिसतेस, ट्यूशन घे, पापड लाट! हम तुमको तुरुंग में डालेगा!"

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "ठीक है सर. आपका दिन शुभ हो."

काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

व्याख्यानाचा दिवस आला. हॉल भरलेला. नेल्सन त्याच्या आईला घेऊन आला होता. मी टिपणाची पानं बाजूला ठेवली आणि म्हटलं, "आज तुम्हाला खरी भामटी ऐकवतो." ध्वनिक्षेपकाला मोबाइल लावला. संपूर्ण संभाषण वाजलं. तुरुंगाच्या वाक्याला टाळ्या पडल्या. फादरांनीसुद्धा वाजवल्या.

"तर, या बाईने कोणती चूक केली? आहे कुणाला उत्तर?"

नेल्सनने हात वर केला. अगदी शाळेतल्यासारखा, कोपर दुसऱ्या हातावर टेकवून.

"बोल नेल्सन."

"सर, बाईंनी काहीच चूक केली नाही. ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही, पैसे मागितले नाहीत. त्या खरंच खात्यातल्या असाव्यात." मग घसा खाकरून, "सर, तुमचं खातं आगाशीच्या त्या जुन्या बँकेत आहे ना? ती मोठ्या बँकेत विलीन झाली की. कोड बदलला. तुम्ही रिटर्नमध्ये जुनाच टाकलाय का?"

मी टिपणाची पानं पुन्हा हातात घेतली.

म्हणजे बघा, बँकेचं लग्न होऊन ती सासरी गेली, आणि मी आपला तिला माहेरच्या पत्त्यावर पत्रं पाठवतोय! पैसे निघत होते, पत्ता सापडत नव्हता, परत जात होते. आयकर खातं बिचारं मेसेज करून करून सांगत होतं आणि मी त्याला ब्लॉक करत होतो. सुधारित रिटर्न भरली ती भरली, कोड मात्र प्रत्येकात तोच, जुना!

पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी शेजारणीला विचारलं, "मग भामटा कोण?" माइक चालूच होता.

घरी येऊन पोर्टल उघडलं. माझ्या तक्रारीवर शेरा होता: 'करदात्याशी दूरध्वनीवर संपर्क साधला. करदाता ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तक्रार बंद.' इतकं खरं वाक्य सरकारी कागदावर मी प्रथमच वाचलं.

दुसऱ्या दिवशी गेलो नेल्सनकडे. त्याने नवा कोड टाकला, रिफंड पुन्हा पाठवा म्हणून विनंती केली आणि नवी तक्रार लिहायला मला जागा दिली. ही तक्रार कसली, माफीनामाच तो! फी विचारली तर म्हणाला, "राहू द्या सर, अपूर्णांकांचे." ते फीपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात बँकेचं नवं पासबुक आणायला आगाशीला गेलो होतो. ऐन बाजारात फोन वाजला. बेंगळुरू! तोच आवाज!

मी विरघळलोच. "नमस्कार ताई! कैसे हो आप? उस दिन का माफ करो. आप जैसे लोग हैं इसलिए देश चलता है."

 पलीकडून संशयाने, "कौन बोल रहे हैं?"

"मैंच! करदाता!"

"पॅन बताइए. जन्मतारीख?"

दोन्ही बिनचूक सांगितले. तरी बाई अडूनच. "सर, यहाँ नोट लिखा है. ये करदाता बहुत गुस्सेवाले हैं. मैंने खुद बात की थी. आप वो नहीं लगते. आप कोई और उनके नाम से बोल रहे हैं क्या? आजकल फ्रॉड बहुत चलता है सर."

"अहो ताई, मीच तो!" मी काकुळतीला आलो.

"सॉरी सर. अनजान आदमी को हम जानकारी नहीं देते. मैं फोन रखती हूँ."

आता काय करायचं तुम्हीच सांगा! समोर केळीवाल्या, बस स्टॉपवरची सगळी माणसं बघताहेत. मी छाती भरून श्वास घेतला आणि भर बाजारात गरजलो, "ठेव फोन! ठेवून तर बघ! हम तुम्हारे साहेब को चिठ्ठी लिखेगा! सगळ्यांची नोकरी घालवेगा!"

एक केळीवाली टोपली उचलून दोन पावलं मागे सरली.

आणि पलीकडून बाईंचा आवाज एकदम मोकळा, आनंदी झाला. "हां सर, अब पहचान लिया!"