पिचर बघण्याचा कार्यक्रम

आमच्या टीमला पिचर नव्हता. होता तो दादा, आणि दादाला खांदा उरला नव्हता.

बेसबॉलला इथे डच भाषेत हॉन्कबॉल म्हणतात. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर पिचर म्हणजे बोलर, पण सुरुवातीचा पिचर डावामागून डाव एकटाच फेकत राहतो. आमच्या क्लबच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या टीमसाठी दादा आठ वर्षं एकटाच फेकत होता. दादा बेस्ट नावाच्या गावात राहतो, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. माझा सख्खा भाऊ नव्हे. मी इथे शिकायला आले तेव्हा स्टेशनवर घ्यायला आला होता, तेव्हापासून दादा. त्यानं हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, खांदा दाखवला तर तिनं पॅरासिटामॉल दिली. या देशात पाय तुटला तरी आधी पॅरासिटामॉलच देतात, यावर मी स्वतंत्र पत्रक काढू शकते. फिजिओनं मात्र सरळ सांगितलं, अजून एक सीझन फेकलात तर हात खांद्याच्या वर जाणं कायमचं विसरा.

दादा म्हणाला, "दुसरा कोणी मिळाला नाही तर मी आहेच."

वहिनी म्हणाल्या, "मग किटबॅग आणि तुम्ही, दोघं एकदमच बाहेर."

मी टीमची स्कोअरर आणि क्लबच्या कमिटीत. पोटापाण्याला भाडेकरूंच्या संघटनेत पत्रकं लिहिते. घरमालकानं बुरशी लागलेली भिंत रंगवून भाडं वाढवलं की आमचं पत्रक दारात पडतं. तीच सवय मी क्लबमध्ये नेली. इथे क्लब सगळे मिळून चालवतात. प्रत्येक सभासदानं वर्षातून काही वेळा कँटीन सांभाळायची, क्रोकेट म्हणजे इथली लांबट कटलेटं तळायची, फरशी पुसायची. फक्त पहिल्या टीमच्या दोन फटकेबाजांना माफी होती. का? तर ते चांगलं खेळतात! मी एक पानी पत्रक लिहिलं, 'बॅट पेलते आणि फडकं जड होतं का?' सभेत हात वर झाले, माफी रद्द झाली. पत्रक आजही कँटीनच्या भिंतीवर ड्युटीच्या तक्त्याशेजारी लावलेलं आहे. हा पराक्रम माझ्याच मुळावर येणार होता.

फेब्रुवारीत दादाला कळलं की त्याच्या कंपनीत, शेजारच्या बिल्डिंगमध्ये, एक जपानी इंजिनियर कामाला आलाय. कॉलेजात पिचर होता, दोन सीझन हूफडॉर्पकडच्या एका क्लबात खेळला, आता नोकरी इकडे आल्यामुळे तिथलं सभासदत्व सोडलं. म्हणजे कोणाच्याही दावणीला न बांधलेला. अमेरिकेत अशा माणसामागे विमानं पाठवतात. आमच्याशी स्पर्धेला शेजारच्या गावचा एक मोठा क्लब होता, आणि त्यानं देऊ केलं होतं: न्यायला-आणायला गाडी, सामान उचलायचं नाही, कँटीनड्युटी कायमची माफ.

"आपण काय देणार?" मी विचारलं.

"जेवायला बोलावू," दादा म्हणाला.

रविवारी दुपारी तो इंजिनियर बेस्टला दादाकडे आला. सायकल नीट कुलूप लावून ठेवली, बूट काढून टोकं दाराकडे वळवली. तिथेच वहिनी विरघळल्या. कांदेपोहे, वर ओलं खोबरं. मी तेव्हाच ओळखलं, हे जेवण नाही, हा बघण्याचा कार्यक्रम आहे, आणि लग्नाची मुलगी आमची टीम आहे.

तो भुकेनं खात होता की भिडेनं, कळत नव्हतं. बशी रिकामी केली की वहिनी भरत होत्या. "अहो, त्यांना सांगा ना, थोडेच टाकलेत." तिसऱ्या बशीला त्यानं झाकायला हात पुढे केला, तर वहिनींनी हाताच्या कडेनं वाढलं.

दादा इंग्रजीतून मुलीचे गुण सांगत होता. मैदान सपाट. (डाव्या कोपऱ्यात पाणी साचतं, बदकं बसतात.) टीम अनुभवी. (कॅचरचे गुडघे वाजतात ते मला स्कोअरच्या टेबलावर ऐकू येतं.) वातावरण घरगुती. हे खरं होतं. मग पाहुण्यानं चमचा खाली ठेवून विचारलं, "कँटीनड्युटीचं काय?"

"तुम्हाला नाही," दादा म्हणाला.

"दादा, हे खोटं आहे," मी मराठीत.

"तू पोहे खा."

"सभेत ठराव झालाय!"

"माझा खांदा सभेपुढे मांडला होता का?"

हे लागलं. खरंच लागलं. दादा कळवळून बोलत होता, आणि डावा हात उजव्या खांद्यावर होता. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? पण घरमालकांना रोज 'लपवू नका' म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द गिळता येत नाही. मी इंग्रजीत सांगितलं, "ड्युटी आहे. सगळ्यांना आहे. तळायचं, पुसायचं, तेल गाळायचं. आणि मैदानात बदकं आहेत."

त्यानं मान हलवली. "विचार करून कळवतो," म्हणाला आणि निघाला.

दार लागताच वहिनी खुर्चीत बसल्या. "संपलं. 'विचार करून कळवतो' म्हणतात ना, ते कधी कळवत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळेला तीनदा झालं."

दादा माझ्याशी बोलला नाही. शनिवारपर्यंत नाही.

शनिवारी टीमची यादी पाठवायची होती. दादा कँटीनमध्ये खांद्याला बर्फाची पिशवी बांधून बसला होता आणि पिचरच्या रकान्यात डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहीत होता. मी फ्रीजरमधून आणखी बर्फ काढून त्याच्यापुढे ठेवला.

तेवढ्यात तो जपानी पिचर आत आला. आम्हाला मान झुकवून सरळ भिंतीकडे गेला. फोनवर भाषांतर लावून माझं पत्रक वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग शेजारचा ड्युटीचा तक्ता वाचला. मग माझ्याकडे वळला.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो," मी ताठ.

त्यानं तक्त्यावर बोट ठेवलं. "आणि हे नावही तुमचंच?"

माझं नाव. पुढे तीन ड्युट्यांचे चौकोन. तिन्ही कोरे.

"मला त्या दिवशी मीटिंग होती," मी म्हणाले. "तिन्ही दिवशी."

दादा हसायला लागला. बर्फ खाली पडला.

तोही हसला असावा, पण आवाज न करता. मग सावकाश सांगू लागला. जुन्या क्लबनं त्याला सगळं माफ केलं होतं. सामना संपला की बाकीचे आत तळत, धूत, भांडत. हा पिशवी घेऊन बसस्टॉपवर. दोन सीझनमध्ये चार जणांची नावं कळली. परवा त्या मोठ्या क्लबचा माणूस तेच सगळं देत होता. "बदकांबद्दल फक्त तुम्ही सांगितलंत," तो मला म्हणाला. मग दादाकडे वळला. "मी येतो. पण पहिली ड्युटी माझ्याबरोबर ह्या करतील. मग ह्यांच्या उरलेल्या दोन."

दादानं रकान्यातलं स्वतःचं नाव इतकं जोरात खोडलं की कागद फाटला.

पहिला सामना आम्ही हरलो. नव्या पिचरनं सुरेख फेकलं, पण धावा कोणी काढायच्या? त्यानंतर मी कढईपाशी आणि तो फरशीवर. मला म्हणाला, "तेल अजून तापलेलं नाही. घाई करू नका." हे मला आयुष्यात कोणी सांगून मी ऐकलेलं नाही. या वेळी ऐकलं. तरी पहिल्या चार क्रोकेट फुटल्याच.

फोन वाजला तेव्हा बोटं तेलकट होती, म्हणून नाकानं उघडला. वहिनींनी पाठवलेला फोटो. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर दादा पोह्यांचा डबा ठेवतोय. उजव्या हातानं.