हिरव्या टिपेचा नाडा

त्र्यंबक देव कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायचा. मूळचा नागपूरचा, बोलायला मऊ, मिलपिटासच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीवर. चिडायचा कधीच नाही. राग फ्रीजरमध्ये ठेवायचा. एका पाहुण्याने त्याच्या बायकोच्या, शोभाच्या, श्रीखंडाला नावं ठेवली होती. तो काही वर्षांनी पुन्हा जेवायला आला, तेव्हा त्याच्या एकट्याच्या वाटीत साखरेऐवजी मीठ निघालं. मी त्याच पंगतीत होतो, म्हणून सांगतो.

शहाऐंशीच्या जूनमध्ये त्याने पुरुषोत्तम आगाशांकडून जुना पिकअप घेतला. आगाशे म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, समारंभाला रेशमी कुडत्याशिवाय न दिसणारे. ब्रेक पाहिले, क्लच पाहिला, टायरला लाथा मारून झाल्या. वायपर कुणी चालवून पाहिले नाहीत. फ्रीमाँटला जूनमध्ये वायपर आठवतात कुणाला? पाऊस थेट ऑक्टोबरात.

तो पाऊस आला तेव्हा नवरा-बायको फ्रीवेवर होते. बटण फिरवलं तर मोटर घूं घूं करते आणि काचेवरचे वायपर ढिम्म. शेजारून जाणाऱ्या ट्रेलरने पाणी उडवलं आणि समोरचा रस्ताच गेला. शोभाने खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता सांगत कशीबशी गाडी कडेला आणवली. घरी आली ती नखशिखांत भिजून.

त्र्यंबकने मंडळाच्या बैठकीत आगाशांना वायपरचं विचारलं. ते सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, माझ्याकडे होते तोवर झकास चालायचे, तुम्हीच बटण पिळून मोडले असणार. सगळे हसले. मीही हसलो, चहा सांडेपर्यंत.

शनिवारी त्याने बॉनेट उघडलं. कुंपणावरून माझी मान होतीच. फ्यूज ठीक, मोटरही फिरतेय, म्हणजे मोटर आणि वायपर यांच्यामधला सांधा सुटलाय, असं मला समजावत त्याने काचेखालची जाळी काढली. सांधा घट्ट धरणारी प्लॅस्टिकची छोटी कडी, म्हणजे बुश, गायब. त्या जागी गुंडाळलेला पायजम्याचा नाडा, तोही ढिला झालेला. आगाशांच्या आधीच्या मालकाचं काम म्हणावं, तर अमेरिकन माणूस नाडा आणणार कुठून? शिवाय टोकाला हिरव्या दोऱ्याची टीप. लाँड्रीत अदलाबदल नको म्हणून आगाशांच्या शैलावहिनी नवऱ्याच्या प्रत्येक नाड्याला ही टीप घालतात. ही युक्ती त्यांनीच आमच्या हिला शिकवलेली.

मी म्हटलं, चल, आत्ताच दाखवू. त्र्यंबक नको म्हणाला. नवीन बुश बसवलं, होजने पाणी मारून वायपर चालवून पाहिले, छान चालले. आणि दिवाळीच्या कार्यक्रमाच्या सकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, पाहतो तर हा ते बुश काढून खिशात टाकतोय.

हेवर्डच्या हॉलवर पेटी-तबले न्यायला पिकअप ठरला होता आणि सामानासोबत अध्यक्ष. मागे ताडपत्री, पुढच्या सीटवर आम्ही तिघे. मधोमध मी, मांडीवर चकल्यांचा डबा. त्र्यंबकच्या अंगात रेनकोट. वायपरना दोऱ्या बांधून दोन्ही खिडक्यांतून आत घेतलेल्या, आणि त्यांना जोडणारा, आमच्या पुढ्यातला तुकडा म्हणजे तो नाडा.

"वायपर मी मोडले ना," त्र्यंबक नम्रपणे म्हणाला, "मग आता तुम्हीच चालवा, पुरुषोत्तमराव. इकडे ओढा, तिकडे ओढा. थांबलात तर मला दिसत नाही."

आगाशे ओढू लागले. उघड्या खिडकीतून पाऊस रेशमावर, रेशमाचा मोरपिशी रंग पायजम्यावर. एकदा हात चोळायला थांबले तर समोर नुसतं पांढरं. तेवढ्यात त्र्यंबकने शोभाने डोकं बाहेर कसं काढलं होतं, ते हळू आवाजात सांगितलं. ते पुन्हा ओढू लागले. मग त्यांच्या बोटांना ती टीप लागली.

"हा नाडा माझा आहे," ते म्हणाले. आणखी चार-पाच वेळा ओढून म्हणाले, "सांधा तुटलाय, मला माहीत होतं."

"मला कशाला सांगता? बैठकीत सगळे होते. माइकवर सांगा. हेवर्ड यायचंय अजून, ओढा."

ठिबकत्या कुडत्यात, स्वागताच्या भाषणाआधी, आगाशांनी माइकवर सांगितलं. आधी कुणाला काही कळेना, मग मागून एक जण खुसखुसला आणि अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेतली शोभा तेवढी हसली नाही. आगाशांकडे बघत राहिली.

निघताना त्र्यंबकने पार्किंगमध्येच बुश दाबून बसवलं. माझ्या जागी शोभा, मी खिडकीला. पाऊस थांबला होता, तरी त्याने वायपर लावले. कोरड्या काचेवर ते किरकिरत होते. न राहवून मी म्हटलं, अरे, रबर झिजेल.

"झिजू द्या, भावजी," शोभा म्हणाली.