उमाकांत खातूंची प्रत

सौदीतल्या दम्मामच्या एका छापखान्यात उमाकांत खातू सदतीस वर्षं एकाच कोपऱ्यात बसत आले आहेत. गुहागरहून बाविसाव्या वर्षी आले ते अक्षरजुळणी करायला, आणि साठीला टेकले तरी अक्षरजुळणीच करतात. मधल्या काळात मालक दोनदा बदलले, छपाईची यंत्रं पाचदा बदलली, आणि खातूंच्या डोक्यावरचे केस बदलायच्या भानगडीत न पडता सरळ गेले. माणूस नाकासमोर चालणारा. इकाम्याची म्हणजे राहण्याच्या परवान्याची तारीख, विजेचं बिल आणि बायकोची, रेखाकाकूंची, रक्तदाबाची गोळी या तीन गोष्टी ते कधी विसरले नाहीत.

गर्व म्हणाल तर त्यांना एकाच गोष्टीचा होता, आणि तो त्यांना शोभायचाही. ऐंशीच्या दशकात टेक नावाचा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम आला. तो फुकट होता, ज्याला हवा त्याने घ्यावा. पण घ्यायचा कसा? त्या काळी एका कंपनीच्या संगणकाला दुसऱ्या कंपनीच्या संगणकाची लिपी कळत नसे. युनिव्हर्सिटीच्या मोठ्या मशीनवरची टेप आणून आपल्या मशीनवर उतरवावी, तर सगळे महिरपी कंस गायब आणि त्यांच्या जागी भलतीच चिन्हं. एकेक चिन्ह जुळवत आठ-आठ दिवस जायचे. जेद्द्याला एका कॉलेजात हैदराबादचा नदीम तिसऱ्याच जातीच्या मशीनशी झुंजत होता. दोघांची ओळख झाली ती याच दुखण्यावरून. मग मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला, निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या पिशवीत खातूंची टेप जेद्द्याला जायची, आणि परतताना नदीमची टेप दम्मामला यायची. तिथून नकला ताइफला गेल्या, रियाधला गेल्या. 'खातूंची प्रत' कुठल्याही मशीनवर चालते, अशी तिची ख्याती झाली.

या लोकांचा आपसात एक नियम होता. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. आपल्या मशीनसाठी जो बदल हवा तो वेगळ्या फाईलमध्ये लिहायचा, आणि टेप पुढे देताना दोन्ही द्यायचं. घेणाऱ्याला कळलं पाहिजे, मूळ कोणतं आणि देणाऱ्याच्या पदरचं कोणतं. खातू हा नियम नव्या माणसाला इतक्या वेळा सांगत, की ऐकणाऱ्याला जांभई यावी.

यंदाच्या हिवाळ्यात त्या जुन्या प्रतीला पुन्हा काम आलं. दम्मामपासून तासाभरावर समुद्राकाठी खारं पाणी गोडं करायचा एक खाजगी कारखाना आहे. त्याचा जुना बॉयलर अकरा वर्षं बंद होता, तो पुन्हा पेटवायचा ठरला. बॉयलरचं माहितीपुस्तक खातूंनीच अठ्ठ्याऐंशी साली जुळवलं होतं. तपासणीच्या सगळ्या जुन्या नोंदींत त्या पुस्तकाचे पानक्रमांक होते, म्हणून नवं पुस्तकही पानाला पान जुळणारं हवं. नव्या प्रोग्रॅमवर पानं सरकायची. खातूंनी जपलेलं जुनं मशीन काढलं, आपली प्रत चालवली, आणि दोनशे चौदा पानं एका दमात निघाली. प्रोग्रॅमने एकही इशारा दिला नाही. ओळ मापाबाहेर गेली तर तो इशारा देतो, आणि समासात एक काळी पट्टीही उमटवतो. पट्टी कुठेच नव्हती. खातूंनी समाधानाने पानं छपाईला सोडली. बारा पुस्तकं कारखान्यात पोचली.

सोमवारी सकाळी साडेअकराला नदीमचा फोन आला. तो कायमचा हैदराबादला निघाला होता, कपाट आवरताना खातूंच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली टेप सापडली म्हणून त्याला भरून आलं होतं. इकडच्या तिकडच्या आठवणी निघाल्या आणि बोलता बोलता तो हसून म्हणाला, "भाई, तुम्हारी कॉपी में काली पट्टी आती ही नहीं थी. हमारे इम्तिहान के परचों में लाइनें बाहर जा रही थीं, किसी को पता नहीं चला. मैंने अपने यहाँ ठीक कर लिया. तुमको बुरा लगेगा, इसलिए बोला नहीं."

खातूंनी फोन कानाला तसाच धरला.

त्यांना सगळं आठवलं, आणि आठवायला फार वेळही लागला नाही. अठ्ठ्याऐंशीचा रमजान. तेव्हाचा मालक त्या काळ्या पट्ट्या बघून चिडायचा, मशीन शाई गाळतंय म्हणायचा. गिऱ्हाईक दारात बसलेलं. खातूंनी तिरीमिरीत पट्टी बंद केली, आणि ओळ कितीही बाहेर गेली तरी इशारा देऊ नको असं प्रोग्रॅमला सांगून टाकलं. तेही वेगळ्या फाईलमध्ये नाही, थेट मूळ प्रतीत. ईदच्या सुट्टीनंतर पूर्ववत करू म्हणाले, आणि सुट्टीनंतर विसरले. जगाला नियम शिकवणाऱ्या या माणसाने एकदाच तो मोडला, आणि मोडलेली प्रतच देशभर वाटली.

त्यांनी नव्या पुस्तकाची टेबलावरची प्रत उघडली. रुंद तक्ते पानाच्या उजव्या कडेला टेकलेले होते. हे त्यांनी आधीही पाहिलं होतं, पण जुन्या पुस्तकातही तक्ते कडेपर्यंत जायचेच, म्हणून मनात काही आलं नव्हतं. जुना कागद चांगला हातभर रुंद होता. नवा कागद ए-फोर. पान एकशे बारा: बॉयलर पेटवण्याआधी भट्टीत साचलेला गॅस बाहेर काढण्यासाठी पंखे किती मिनिटं चालवायचे. पुस्तकात होतं ४. त्यांनी जुन्या मशीनवरची पुस्तकाची मूळ फाईल उघडली. तिथे होतं ४५. पाचाचा आकडा कागदाबाहेर पडला होता, आणि त्याची साक्ष द्यायला काळी पट्टी नव्हती.

चार मिनिटं हा आकडा बघणाऱ्याला खटकलाही नसता, कारण साधे बॉयलर तेवढ्यात मोकळे होतात. या बॉयलरची धुराची वाट लांबलचक होती. चार मिनिटांनी ज्योत लावली तर आत उरलेला गॅस एकदम पेटणार. आणि ज्योत लावणाऱ्यांत वैभव होता. वैभव खातूंच्या शेजारच्या गावचा, कारखान्याच्या कॅम्पात राहणारा फिटर. दर शुक्रवारी दुपारी तो खातूंच्या घरी माशाचं जेवण जेवायला यायचा आणि रेखाकाकूंना दोनदा भात मागायचा. सोमवारी दुपारी दोनला बॉयलर पेटवणार, हे त्यानेच सांगितलं होतं.

खातूंनी वैभवला फोन लावला. बंद. मुख्य अभियंता हाशम, त्याचाही बंद. आवारात गॅस असल्याने सगळ्यांचे फोन फाटकावर जमा होतात, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी सहा वेळा लावला. कारखान्याच्या ऑफिसात एकाने उचलला. त्याने शांतपणे सांगितलं की तक्रार असेल तर ईमेल करा, उत्तर दोन दिवसांत मिळेल. खातूंनी ईमेलही केला. मग मूळ फाईलमधला तक्ता छापून घेतला, पुस्तक उचललं आणि गाडीत बसले. रेखाकाकूंना जेवायला थांबू नका एवढंच कळवलं. कारण सांगायचं धाडस झालं नाही.

रस्ता सरळ होता आणि म्हणूनच वाईट. वळणं असती तर मन तिकडे गुंतलं असतं. दोन महिन्यांनी इकामा संपत होता. नव्या मालकाने या वयाच्या माणसाचा इकामा वाढवायचा तो केवळ खातूंच्या नावासाठी. खातू मनात वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात चूक कागदाची निघत होती. कागदाचा आकार बदलला, कडा कापताना आकडा गेला, छापखान्यात होतं असं कधी कधी. खोटं नव्हतंच ते. एक वाजून पाच मिनिटांनी ते फाटकावर पोचले.

फाटकावरच्या माणसाने इकामा घेतला, फोन घेतला, आणि त्यांना एका खोलीत बसवलं. नवीन पाहुण्याने सुरक्षेची फिल्म पाहिल्याशिवाय आत जायचं नाही. खातूंनी त्याला मोडक्या अरबीत, मग हिंदीत सांगितलं की आत माणसं मरतील. तो म्हणाला, फिल्म वीसच मिनिटांची आहे. खातूंनी वायरलेसवरून हाशमला बोलवायला सांगितलं. त्याने बोलावलं, उत्तर आलं नाही, आणि त्याने फिल्म लावली. हेल्मेट कसं घालावं, जिन्यावर कठडा कसा धरावा, हे साठीचा माणूस घामाने निथळत बघत बसला. असला संताप त्यांना उभ्या जन्मात आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. शेवटी सही केली तेव्हा भिंतीवर एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

हाशम बॉयलरच्या इमारतीबाहेर एका पत्र्याच्या खोलीत भेटला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. खातूंना तो नेहमी आदराने उस्ताद म्हणायचा. खातूंनी पान एकशे बारा त्याच्यापुढे ठेवलं, शेजारी मूळ तक्ता ठेवला आणि कागदाच्या आकाराची हकीकत सांगितली. हाशमचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा पाहिलं, पेनाने पुस्तकात ४५ केलं, आणि वायरलेसवर आत कळवलं की पंखे पंचेचाळीस मिनिटं चालवा, पेटवणं उशिरा होईल. मग उठून त्याने खातूंचा हात दोन्ही हातांत घेतला. अल्लाने तुम्हाला पाठवलं म्हणाला. चहा मागवला.

इथे थांबता आलं असतं. खातू मनाने थांबलेही होते. वैभवचा जीव वाचला, इकामा वाचला, नाव वाचलं, वर आभारही पदरात पडले. चहाचा ग्लास हातात आला. समोर ते पुस्तक उघडं होतं, आणि त्यात असे रुंद तक्ते किती आहेत हे त्या खोलीत फक्त खातूंना माहीत होतं. एकतीस. त्यांतले किती कापले गेले, ते खातूंनाही माहीत नव्हतं. हाशमला वाटत होतं एक पान चुकलं. कागदाची चूक म्हटलं की एक पान चुकतं. प्रतीची चूक म्हटलं की कुठल्याच पानावर विश्वास ठेवता येत नाही.

खातूंनी ग्लास खाली ठेवला.

"कागदाचं मी अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "ओळ बाहेर गेली तर हा प्रोग्रॅम ओरडतो. त्याचं तोंड मी बंद केलं होतं. छत्तीस वर्षांपूर्वी. मी स्वतः. कुणाला सांगितलं नाही. या पुस्तकातला कुठला आकडा पुरा आहे, हे मला आज सांगता येणार नाही."

हाशमने पुस्तक मिटलं. मग त्याने विचारलं की हे लिहून द्याल का, तुमचं नाव रिपोर्टात जाईल, छापखान्यालाही जाईल. खातू म्हणाले, देतो. हाशमने वायरलेस उचलला.

"खलास, बस झालं," तो म्हणाला. "गॅसचा मुख्य वाल्व बंद करा. सगळे बाहेर."

खातू तिथेच कागद घेऊन लिहायला बसले. लिहून झाल्यावर मोजपट्टी मागून घेतली आणि मूळ फाईल आठवत, तक्त्यांच्या कडा मोजत पानं उलटू लागले. अठ्ठ्याण्णवाव्या पानावर दुसरा कापलेला आकडा सापडला. मग एकशे साठाव्या पानावर आणखी दोन. ते प्रत्येकाभोवती गोल करत गेले.

माणसं बाहेर आली. कुणी चिडलेलं, कुणी सुटलो म्हणून खूश. वैभव हेल्मेट काखेत मारून खोलीच्या दाराशी आला आणि खातूंना बघून गडबडला.

"काका, तुमी हितं कसं? काकी बऱ्या हायत ना?"

खातूंनी त्याला बसवलं. लपवायचं काही उरलं नव्हतं, तरी हाशमला सांगताना जमलं तेवढं आता जमेना. तीनदा सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, रमजान, चार आणि पंचेचाळीस. वैभवने पुस्तक ओढून एकशे बारावं पान पाहिलं, मग शेवटचं पान काढलं, जिथे बारीक अक्षरांत अक्षरजुळणी करणाराचं नाव छापलेलं असतं.

"पंख्याचं घड्याळ मीच लावलं सकाळी," तो म्हणाला. "चारवर. हाशमसाहेब बोलले, आकडा कुणाला तरी इचारून घे. मी बोललो, इचारायचं काय, पुस्तक आमच्या काकांचं हाय."