मळेवाडीची तिसरी फेरी

सांगोल्याहून टेम्पो काढला तेव्हा ऊन होतं. रस्त्याकडेच्या बाभळी धुळीनं पांढऱ्या पडल्या होत्या, माणनदीत नेहमीसारखी वाळू होती आणि मी निघालो होतो पुरातून बहीण आणायला. आमच्या गावात ज्याला सांगावं तो हसत होता.

आक्का कोल्हापूरजवळ मळेवाडीला दिलेली. 'पोरीला हंडा घेऊन वणवण करायला नको,' म्हणून वडिलांनी मुद्दाम नदीकाठचं घर पाहिलं. कालपासून तिचा मोबाईल लागत नव्हता. शेवटचं बोलली ते एवढंच, की पाणी गल्लीत आलंय आणि दाजी घर सोडायला तयार नाहीत.

मिरज सोडल्यावर आभाळ खाली आलं. हातकणंगल्याच्या पुढं शेतं दिसेनाशी झाली. उसाचे नुसते शेंडे पाण्यावर हलत होते. आधी मला ते तळंच वाटलं. मग त्या तळ्यातून विजेचे खांब ओळीनं चालत गेलेले दिसले. मी हमालीपासून सुरुवात करून टेम्पोचा मालक झालेला माणूस, सहसा घाबरत नाही. पण एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं.

शिरोलीच्या पुलाअलीकडे पोलिसानं हात केला.

"ओ पावणं, कुठं निघालाय? फिरवा गाडी!"

"बहीण अडकलीय."

"सगळ्यांच्याच बहिणी अडकल्यात की! बरं जावा, एकच बाजू चालू हाय. मधी थांबलासा तर मी काढायला येणार न्हाय."

पुलावरून जाताना पंचगंगा चाकाच्या बरोबरीनं वाहते आहे असं वाटत होतं. आवाज असा, की इंजिन चालू आहे की बंद, कळेना. अख्खं झाड मुळांसकट खालून गेलं, एखादी काडी जावी तसं.

शहरात उंचावरच्या बाजूला मात्र दुकानं उघडी होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून एका टपरीवर मिसळ घेतली. कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) कमी घातला म्हणून मालकाशी भांडलो. तो म्हणाला, "घ्या की पावणं, पातेलंच घ्या! पन पुरात निघालायसा, तर पोट सांभाळा." गिऱ्हाइकं हसली. प्रत्येकाच्या तोंडी एकच चौकशी होती : नदी किती फुटांवर? आमच्याकडे डाळिंबाचा भाव विचारतात, तशी.

तिथून नियंत्रण कक्षात गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो. आमच्या वाडीला टँकर यावा म्हणून मी कचेऱ्यांचे इतके उंबरे झिजवलेत, की टेबलामागचं माणूस दिसलं तरी माझी शीर उठते.

टेबलामागं एक बाई होत्या, नायब तहसीलदार. आवाज पार बसलेला. दोन्ही कानांना दोन फोन, समोर भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात वायरलेसची खरखर. कुठं किती पाऊस, कुठली वाट बंद, कुठल्या शाळेत किती माणसं, सगळं त्या एका खोलीत येत होतं आणि तिथून होड्या, ट्रक, औषधं सुटत होती.

तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला : राधानगरीचे दरवाजे उघडले.

"कुणी उघडले?" मी ओरडलो. "खाली माणसं आहेत, अक्कल आहे का त्याला?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "धरण भरलं की ते दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात."

भांडायला माणूसच नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मग सौद्यावर आलो. "मॅडम, माझा टेम्पो घ्या. डिझेल माझं. पण पहिली होडी मळेवाडीला." मी आक्का-दाजींची नावं सांगितली.

"टेम्पो द्या, नाहीतर देऊ नका. आत्ताची होडी पलीकडच्या वस्तीवर जाणार. तिथं बाळंतीण आहे."

"म्हणजे माझी बहीण बुडू दे?"

बाईंनी फोन खाली ठेवला. "मळेवाडीला दोनदा होडी गेली. दोनदा रिकामी आली. म्हशी सोडून यायला माणसं तयार नाहीत. तुमचे दाजी सगळ्यांत पुढं. त्यांच्याकडं बघून बाकीची बसलीत आणि रात्रीत पाणी आणखी चढणार आहे." मला खालपासून वरपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "तुम्हाला भाव करता येतो ना? मग तिसऱ्या फेरीला तुम्ही जा. करा त्यांच्याशी."

बाळंतिणीला सोडून होडी परत आली, तेव्हा मी तीत बसलो. रबरी बोट, मागं इंजिन, कदम नावाचे हवालदार आणि त्यांचे दोन जवान. नदी पलीकडच्या अंगाला होती. आम्ही उसावरून चाललो होतो, इथं पाणी संथ होतं. एका घराच्या कौलांवर कोंबड्या बसलेल्या. देवळाचा कळस हाताला लागेल एवढा जवळ.

मळेवाडीत शाळेचं जोतं तेवढं उंचावर होतं. त्यावर माणसं आणि म्हशी दाटीनं उभ्या. म्हशींच्या गुडघ्यांपर्यंत पाणी. आक्का मला पाहून रडली नाही. "जेवलास का?" म्हणाली.

दाजी म्हशीचं दावं हाताला गुंडाळून उभे.

"दाजी, चला."

"हिला घ्या, येतो."

"म्हैस बोटीत बसती व्हय?"

"मग मी बी न्हाय. दुभतं जनावर पान्यात सोडून जायला मी काय कसाई हाय? आन् एवढं पानी चढत न्हाय. तलाठ्याला बी मी हेच सांगिटलं."

"आक्काचं काय?"

"तिला न्ह्या की."

"मी न्हाय जायची," आक्का म्हणाली. "आयुष्यभर यांचं हट्टाचं ऐकलं, आता मधीच सोडून जाऊ?"

मी तापलो. शिव्या दिल्या, हात जोडले, दोन्ही करून झालं. मग एकदम सुचलं. या गावात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलमागं पळवतात. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज आणि धन्याची हाक यांवर म्हैस जीव तोडून धावते. मी पाहुणा म्हणून ते पाहिलं होतं.

"दाजी, तुमची चंद्री पाडव्याला गाडीमागं धावती. बोटीमागं येईल का?"

दाजींनी हाताचं दावं सैल केलं. "पवायला तर येतंय तिला."

हवालदार म्हणाले, "बोटीला शिंग लागलं तर सगळे खाली जाऊ."

"लांबनं येईल ती. तुम्ही सावकाश चालवा, आवाज तेवढा मोठा करा."

दावी कापली. दाजी बोटीच्या मागच्या टोकाला बसले, आक्का त्यांना धरून. इंजिन गुरगुरलं. दाजींनी हाक दिली, "चंद्रेऽऽ, ये ये ये!" म्हैस जागची हलली नाही. मग मान वर झाली, पुढचे पाय पाण्यात गेले आणि ती निघाली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. जोत्यावर बाकीच्यांनी आपापल्या म्हशी मोकळ्या केल्या आणि पुढच्या फेरीसाठी गाठोडी उचलली.

पाण्यावर नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं. तपकिरी समुद्रातून काळी ओळ येत होती, फुसफुसत, एका माणसाच्या हाकेवर. मी हात जोडले, कुणाला ते मला अजून सांगता येत नाही.

काठावर बाई उभ्या होत्या, साडी घोट्यापर्यंत भिजलेली. उशीर केल्याबद्दल चार शब्द सुनवायचे, असं मी वाटेत ठरवलं होतं. त्यांनी उतरणारी माणसं मोजली, म्हशींकडं पाहिलं आणि तिथूनच फोन लावला : "वाडं (उसाचे हिरवे शेंडे) पाठवा, जनावरं आलीत. गाडी नाही? थांबा." मग माझ्याकडं वळून, "टेम्पो रिकामाच आहे ना?"

"हाय की," मी म्हणालो. अटच घालायची राहिली.

अंधार पडेपर्यंत अख्खी मळेवाडी काठाला लागली. आक्का-दाजी शहरातल्या एका शाळेतल्या छावणीत राहिले, चंद्री बाहेरच्या मैदानात. मला रस्ता खुला झाल्यावर निघावं लागलं. टेम्पो वाडं वाहत होता म्हणून मी एसटीनं परतलो. सांगोल्याच्या स्टँडवर तीच धूळ, तेच ऊन. बायकोनं टेम्पो कुठं म्हणून विचारलं, तर तिच्यावर खेकसलो.

सरकारवरचा राग गेला का, असं लोक विचारतात. नाही, वाढला. इतकी वर्षं मला वाटायचं, सरकारला हे जमतच नाही. म्हणून निम्मा राग गिळून घरी येत होतो. आता जमतं, हे डोळ्यांनी पाहून आलोय. सोमवारी टँकर मागायला आमच्या कचेरीत जाणार आहे, आणि या वेळी काही गिळणार नाही.