पुठ्ठ्यावरचे शेंगदाणे

आमच्या ह्यांना उंदरांचा कधी राग आला नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. शनिवार पेठेतून आणलेला तारेचा पिंजरा, आत आकडीला टोचलेलं कांदाभजं. उंदराने ओढलं की झाकण खाडकन पडायचं. मग स्वारी पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकून स्कूटरवरून खडकवासल्याच्या वाटेला! तिथे झुडपात उंदीर सोडून यायचे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत जिन्यात कोणीतरी विचारायचंच, "काय, आज पाहुण्यांची सहल वाटतं?" हे म्हणायचे, "हो, तुम्हीही चला. जागा आहे."

यंदा ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्कूटर चालवणं बंद झालं. खुर्चीतून उठायचे ते फक्त सकाळी, बाल्कनीत येणाऱ्या एका खारीसाठी. ती कठड्यावर बसून ह्यांच्या बोटांतून शेंगदाणा घ्यायची. माझ्याशी बोलत नसत एवढं तिच्याशी बोलायचे.

नेमका तेव्हाच बाल्कनीत, वॉशिंग मशीनमागे उंदीर शिरला. वायर कुरतडली मेल्याने. पिंजरा लावला असता, पण सोडायला नेणार कोण? रिक्षाने? शेवटी मुलाने मोबाइलवरून चिकट पुठ्ठा मागवला. वहीसारखा उघडायचा, आत नुसता गोंद. ह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाले, "लावू या. आता नाही जमत मला."

त्या पुठ्ठ्याला आमिष लागत नाही. उंदीर भिंतीच्या कडेने जातो आणि आपोआप अडकतो. पण ह्यांच्या हाताला जन्मभराची सवय पिंजऱ्याची. काही खायला न ठेवता सापळा लावणं त्यांना फसवणूक वाटत असावी. घरात भजं नव्हतं, म्हणून त्यांनी मधोमध शेंगदाणे ठेवले.

सकाळी मी चहा टाकत होते, तर बाल्कनीतून चिरकं ओरडणं ऐकू आलं. उंदीर नव्हे, खार! पोट, पाय, शेपटी, सगळं चिकटलेलं, आणि तोंडासमोर दाणे. "अगं, तेल आण, तेल!" हे इतके ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. तोच दुखरा गुडघा टेकून खाली बसले आणि गोडेतेल चोळत एकेक पाय सोडवू लागले. ती कडकडून चावली, पण ह्यांनी हात काढला नाही. शेवटी सुटली आणि पळाली. शेपटीची बरीचशी लव पुठ्ठ्यावरच राहिली.

वाचली हे काय थोडं झालं, असं मी म्हणत राहिले. डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन आल्यावर ह्यांनी पुठ्ठा मिटून कचऱ्यात टाकला. फार वाईट वाटलं मला.

खार आता शेजारच्या बाल्कनीत येते. शेपटीवरून लांबूनही ओळखू येते. हे रोज आमच्या कठड्यावर दाणा ठेवून उभे राहतात. ती तिथून बघते आणि निघून जाते.

काल मी चिडलेच. "अहो, ती काही येत नाही. कशाला गुडघा दुखवत उभे राहता?"

"बरोबर आहे तिचं," हे म्हणाले. "पण दाण्याखाली आता पुठ्ठा नाही, एवढं दिसू दे तिला."