मूळ संख्येची पंगत

मी मुरबाडहून स्कूटीवर टोकावड्याकडच्या एका शाळेत जाते, पाचवीला गणित शिकवायला. संध्याकाळी नवरा सहज विचारतो, "आज काय नवीन?" आणि सांगता सांगता माझा चहा गार होतो. इतकं साचलेलं असतं!

*

मूळ आणि संयुक्त संख्या मी चिंचोक्यांनी शिकवते. सारख्या ओळी लागल्या की संख्या संयुक्त. काही केल्या एकच लांब ओळ लागत असेल, तर मूळ. सोपं! पण विषम संख्या दिसली की आमचा गणेश ठोकून देतो, "मूळ!"

मी पंधरा चिंचोके पुढे सरकवले. पाच-पाचच्या तीन ओळी लागल्या. गणेशने डोकं खाजवलं. "बाई, यो पंधरा फितूर झाला!"

*

एक ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही, असं सांगितलं तर भारती हिरमुसली.

"दोघांनीबी नाय घेतला? मंग त्याला आमच्याकडं द्या!" म्हणत तिने एक चिंचोका खिशात टाकला. मी मागितला नाही.

*

तपासणीला साहेब आले. "दोन ही कोणती संख्या?" त्यांनी वर्गाला विचारलं.

गणेश हळूच म्हणाला, "मूळ हाय, साहेब. पन सम असून मूळ, म्हनून लाजतो तो. जास्त नका इचारू!"

साहेब पोट धरून हसले.

*

दिवाळीनंतर हिरा आली. आई-बाप वीटभट्टीवर, ती मामाकडे. मामाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, पोर शाळेत रमली नाही तर बाप तिला भट्टीवर नेणार. मला धास्तीच बसली.

आमची पोरं खिचडीला चार-चारच्या तीन ओळींत बसतात. हिरा ताट घेऊन उभीच राहिली. गणेशने बोटं मोजली.

"बाई, आपन बारा होतो. हिरा आली नि तेरा झालो, मूळ! आता ओळी लागतच नाय!"

त्याच्या मनात काही नव्हतं हो. पण हिराने ताट खाली ठेवलं आणि दप्तर उचललं. मी हाक मारणार, तोच भारती ओरडली, "मूळ हाय ना? मंग एकच लावा!"

ताटं खडखडली. व्हरांडाभर एकच लांब पंगत बसली. भारतीने शेजारी जागा करून दिली.

"ये गो हिरा, बस. तू गेलीस त आमचं परत तुकडं व्हतील!"

हिरा बसली. थोड्या वेळाने मावशी खिचडी वाढत आल्या आणि मी हिराचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"मावशी, अजून वाढा."